प्लँटच्या मागची नाली

हा पाइप बघा. लातूरकडच्या एका गावातला आरओ प्लँट आहे, पाच रुपयाचं नाणं टाकलं की जार भरतो, पुढं लाईन लागलीय, पण आपण कॅमेरा मुद्दाम मागच्या भिंतीकडं आणलाय. नालीत चाललंय ना, ते पण बोअरचंच पाणी, गाळताना मागं राहिलेलं, क्षारांचं. 2016 ला याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, विसरला नसाल.

बोअरचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, हजार मिलिग्रॅमच्या वर. पिण्याला 500 च्या आत असलेलं बरं. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो तो याचाच, काळ्या पाषाणातनं मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं.

प्लँटवाल्या भाऊंनी जुनं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, कापून दाखवलं. चटईसारखी गुंडाळी, उलगडली की आत बुळबुळीत, पिवळट थर, त्याचा वास अजून हाताला आहे! खरं काम करतो तो पॉलिअमाइडचा पापुद्रा, जाडी साधारण 100 ते 200 नॅनोमीटर, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटीनं पातळ. त्यातनं पाणी रेटायचं तर प्रेशर लागतं, म्हणून मोटर, म्हणून लाईट बिल, आणि लाईट गेली की जार बंद.

2007 मध्ये कॅलिफोर्नियात एरिक होक यांच्या टीमनं असल्याच पापुद्र्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे नॅनोकण, म्हणजे अतिबारीक कण, मिसळले. कण सच्छिद्र, पाण्याला ओढून घेणारे. क्षार तेवढेच अडले पण त्याच प्रेशरला पाणी जवळजवळ दुप्पट आलं.

ग्राफीन ऑक्साइडची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांच्या मेम्ब्रेनची, गंमत वेगळीच. त्याचे थर पाण्यात भिजलेल्या वहीसारखे फुगतात, फट वाढते आणि मीठ आरामात पलीकडं. 2017 ला मँचेस्टरमध्ये राहुल नायर यांच्या टीमनं दोन्ही बाजूनं इपॉक्सी भरून ते थर आवळून धरले, तेव्हा कुठं मीठ अडलं. चांदी जंतू मारते, म्हणून मेम्ब्रेनला तिचे नॅनोकण लावले तर तो बुळबुळीत थर लवकर धरत नाही, पण चांदी हळूहळू पाण्यासोबत धुऊन जाते, मग परत तेच.

आता आमचं म्हणणं. असल्या नव्या मेम्ब्रेननं लाईट वाचेल, हे मोठंच आहे हो, पण नालीतलं पाणी फारसं कमी होणार नाही, कारण मेम्ब्रेन कितीही भारी असलं तरी अडवलेले क्षार कुठंतरी वाहून न्यावेच लागतात, नाहीतर ते तिथंच साचून बसतात.

पाइपाखाली एका मावशींनी बादली लावलीय. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ओटा धुवायला. झाडाला घातलं तर झाड जळतंय."