डांबर सोडून पायवाटेवर

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा सरत आला की यवतेश्वरच्या घाटात पहाटेच बुटांचा आवाज सुरू होतो. २०१२ पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, त्यामुळे चढावर पळणारी माणसं आपल्याला नवीन नाहीत. पण तो रस्ता डांबरी. आज मला बोलायचंय ते अजिंक्यताऱ्याच्या अंगाखांद्यावरच्या पायवाटांबद्दल. त्यांवर पळण्याला ट्रेल रनिंग म्हणतात.

पहिली गोष्ट, घड्याळातला वेग विसरा. रस्त्यावर किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा माणूस डोंगरात दहा घेतो, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. चढावर शेजाऱ्याशी दोन वाक्यं सलग बोलता येईनात, की चालायला लागा. हात मांडीवर टेकवा आणि चालत चढा. मुरलेले धावपटूही तेच करतात.

खरी शिकवणी असते ती उताराची. घट्ट जमिनीवर पसरलेला बारीक मुरूम म्हणजे ज्वारी सांडलेली फरशीच. भीतीनं आपण मागे रेलतो, टाच आधी टेकते आणि पाय सटकतो. म्हणून अंग किंचित पुढे, गुडघे सैल, हात बाजूला पसरलेले, आणि पावलं लहान लहान, भराभर. नजर पायाच्या अंगठ्यावर नको, तीन-चार पावलं पुढे हवी. सुरुवातीच्या दिवसांत मी उतरता उतरता खाली शहराचे दिवे बघत राहिलो आणि घोटा मुरगळला. तीन आठवडे घरी बसलो. देखावा बघायचाच असेल, तर थांबून बघा. मन भरेपर्यंत बघा!

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आपलं वजन पेलत असतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणं जड जातं. घाबरू नका, आठवड्यातून एकदाच डोंगर धरा, बाकीचे दिवस सपाटीवर पळा.

सुरुवातीला कोरड्या दिवसांत साधे धावायचे बूट चालतात, तळाच्या खाचा झिजलेल्या नसल्या म्हणजे झालं. नखं कापलेली हवीत, उतारावर बोटं पुढे आपटतात. पावसात शेवाळलेल्या कातळावर मात्र पळूच नका. कुठे जाताय ते घरी सांगून निघा. पाणी आणि फोन सोबत ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. कासच्या पठारावर रस्ता सोडू नका. तिथे कातळावर मातीचा जेमतेम थर असतो, त्यातच ती इवली फुलं रुजतात.

दिवाळीच्या सुमाराला गवत वाळतं. तेव्हा मोजे घोट्याच्या वर येतील असे घ्या. कुसळं धुण्यात निघत नाहीत, ती पायरीवर बसून एकेक करून उपटावी लागतात.