आजीचा गडू आणि काशीचे घाट

नमस्कार मंडळी,

आमच्या देवघरात तांब्याचा एक गडू होता. त्याचं तोंड डाग देऊन बंद केलेलं. पणजी काशीयात्रेहून आली तेव्हा तिने ही गंगा आणली, मावंदं घातलं, आणि मग कितीतरी वर्षं तो गडू तिथेच पूजेत राहिला. फोडला तो आजीच्या शेवटच्या दिवशी. आईने पळीभर पाणी तिच्या तोंडात घातलं. आजी स्वतः काशीला कधीच गेली नाही. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ एवढंच ती म्हणत राहिली. म्हणून मंडळाने बोलायला सांगितलं तेव्हा मला दुसरा विषय सुचलाच नाही.

काशी किती जुनी? राजघाटला उत्खनन झालं, तिथे इसवीसनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमाराच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. बुद्धांनी पहिला उपदेश केला तो इथून दहाएक किलोमीटरवर, सारनाथला. काशीचं तलम कापड त्या काळीही नावाजलेलं होतं. पण आज आपण नावेत बसून डोळे भरून जे पाहतो, ते घाट, ते वाडे, ती शिखरं, त्यातलं बहुतेक गेल्या तीनशे वर्षांतलं आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडा हिरमोड झाला. आता तसं वाटत नाही. हे शहर पुन्हा पुन्हा उभं राहिलं आणि दरवेळी तीच तीर्थं, तीच नावं, तीच वाट धरून लोक येत राहिले. काशीचं वय मी त्या येण्यात मोजते.

विश्वेश्वराचंच पाहा. ११९४मध्ये कुतुबुद्दीन ऐबकाच्या फौजेने शहरातली देवळं पाडली. अकबराच्या काळात, १५८५च्या सुमारास, तोडरमलाच्या साह्याने भव्य मंदिर पुन्हा उभं राहिलं, आणि त्यामागे उभे होते पंडित नारायणभट्ट. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणचे. १६६९मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने तेही मंदिर पाडलं गेलं. त्यानंतर शंभरावर वर्षं गेली. आज आपण ज्याचं दर्शन घेतो ते मंदिर १७८०मध्ये पुरं झालं, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. शिखरावरचं सोनं पुढे महाराजा रणजितसिंगांनी दिलं.

याच नारायणभट्टांचे पणतू म्हणजे गागाभट्ट. १६७४मध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक करायला काशीहून जो पंडित आला, त्याचं घराणं मुळात गोदाकाठचं होतं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याआधीची एक गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी ओव्या लिहायला पैठणला सुरुवात केली आणि ग्रंथ पुरा केला काशीत, शके १४९५ म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला. संस्कृत पंडितांच्या नगरीत बसून मराठीत! तिथल्या विद्वानांनी आधी विरोध केला आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. घरापासून इतक्या लांब बसून मराठीत लिहिलेला तो ग्रंथ आजही गावोगावी वाचला जातो. आपल्या मुलांची रविवारची मराठी शाळा चालवताना मला ही तारीख फार बळ देते.

मग अठराव्या शतकात आपली माणसं मोठ्या संख्येने आली. १७३५मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यात्रेला निघाल्या, तेव्हा ज्याच्याशी मराठे लढले होते त्या महंमदखान बंगशानेही त्यांचा आदराने पाहुणचार केला. पुढे घाट बांधले गेले. अहिल्या घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, बायजाबाई शिंद्यांचा शिंदे घाट. दगड चुनारचा, त्याच खाणींच्या परिसरातला, जिथून अशोकाच्या सारनाथच्या स्तंभाचा दगड आला. आणि यातल्या किती गोष्टी बायकांनी उभ्या केल्या! ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही बायजाबाईंचाच.

घाट बांधणारे परत गेले, पण बरीच कुटुंबं तिथेच राहिली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या गल्ल्यांत. मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीत होते आणि त्यांच्या मुलीचं नाव घाटावरूनच पडलं, मणिकर्णिका. ती पुढे झाशीची राणी झाली. विसाव्या शतकात बाबूराव विष्णू पराडकर याच मराठी काशीतून आले आणि ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेतले थोर पुरुष ठरले. घरात मराठी, लेखणीत हिंदी, आणि दोन्हींवर सारखीच माया.

डिसेंबरात आपल्यापैकी दोन कुटुंबं काशीला चालली आहेत. त्यांना एकच विनंती. संध्याकाळची आरती दशाश्वमेधला जरूर पाहा, पण पहाटे पंचगंगा घाटावर जा. तिथे अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ आहे, कार्तिकी पौर्णिमेला तो पेटतो. तिथून मागच्या गल्ल्यांत शिरा आणि चालता चालता आपसात मोठ्याने मराठीत बोला. एखाद्या खिडकीतून कोणी विचारेल, ‘कुठले तुम्ही?’

आणि येताना माझ्यासाठी एक गडू आणा.