मधली पंधरा वर्षं

(समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो,

इथे येण्याआधी तुमच्या सरांनी मला तुमचे प्रकल्प-आराखडे वाचायला दिले होते. बांबूच्या वस्तू, नाचणीचे लाडू, कापडी पॅड, कचऱ्याचं खत. सगळे मन लावून केलेले आहेत. पण वाचताना एक गोष्ट सलत राहिली. जवळजवळ प्रत्येक आराखड्यात ‘लाभार्थी’ हा शब्द आहे. ‘सभासद’ हा शब्द मला फक्त दोन ठिकाणी सापडला. आज मला या दोन शब्दांमधल्या अंतराबद्दल बोलायचं आहे, कारण ते अंतर मी स्वतः न ओळखता काम सुरू केलं होतं.

२००९ साली मी एका तालुक्याच्या गावी कचऱ्यापासून खत करण्याचा उपक्रम उभा केला. देणगी मिळाली होती, जागा मिळाली होती. एक टेम्पो घेतला, चार मुलं पगारावर ठेवली. ओल्या कचऱ्याचं खत करायचं आणि सुका कचरा विकून खर्च भागवायचा, असा साधा हिशोब होता. तिसऱ्या आठवड्यात सकाळी सात वाजता पाच बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर रिकामी पोती. त्यांतली वयाने मोठी होती तिने विचारलं, “दादा, आमचं भंगार तुम्ही का उचलता?”

मला वाटत होतं, कचरा कुणाचाच नसतो. त्या बायका वीस वर्षं त्याच कुंड्यांवर पोट भरत होत्या. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा. कोणत्या गल्लीत कोणत्या वारी काय मिळतं हे त्यांना पाठ होतं. माझ्या टेम्पोने ते सगळं उचललं होतं, तेही समाजकार्याच्या नावाने.

मी त्यांना कामावर ठेवायला तयार झालो. मोठ्या मावशींनी विचारलं, “आणि तुमचे देणगीवाले गेल्यावर?” तेव्हा मला तो अविश्वास वाटला. तीन वर्षांनी देणगी थांबली आणि तो साधा हिशोब होता हे कळलं.

त्या काळात मी पुण्याला वारंवार जाऊ लागलो. तिथलं कचरावेचकांचं काम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. सकाळी हिरवट कोट घातलेल्या बायका ढकलगाडी घेऊन सोसायट्यांमध्ये येतात, घराघरातून ओला आणि सुका कचरा वेगळा घेतात. ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था. तिचे सभासद तीन हजारांच्या वर आहेत आणि ते स्वतः कचरावेचक आहेत. प्रत्येक घर दरमहा ठरलेलं शुल्क देतं आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकण्याचा हक्क वेचकाचा राहतो. देशभरातून लोक ते पाहायला येतात, ‘मॉडेल’ म्हणून टिपणं घेऊन जातात. बहुतेक टिपणं सुरू होतात २००८ पासून, म्हणजे पुणे महापालिकेशी करार झाला तिथून.

गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधी सुरू झाली आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास साक्षरतेच्या कामातून या बायकांपर्यंत पोचल्या. बहुतेक बायका दलित समाजातल्या. कित्येक कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून शहरात आलेली. अक्षरओळख हवी होतीच, पण त्याआधी कुंडीत हात न घालता घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर कमाई वाढते आणि जखमा कमी होतात, ही गोष्ट जास्त निकडीची ठरली. मे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली मेळावा झाला. आठशेच्या वर कचरावेचक जमले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. बाबांच्या मागे हमालांना संघटित करण्याचा अनुभव होता. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला आधी आपण कामगार आहोत असं वाटलं पाहिजे, ही त्यांची धारणा इथेही पायाभूत ठरली.

१९९३ ते २००८, ही मधली पंधरा वर्षं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. या काळात काय झालं? ओळखपत्र मिळालं, संघटनेचं आणि महापालिकेची मान्यता असलेलं. शहरात सकाळी पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला पोलीस हटकायचे, चोर म्हणायचे. खिशातल्या त्या कार्डाने तिच्या बोलण्याचा सूर बदलला. पतसंस्था झाली, म्हणजे भंगारवाल्याकडून उचल घेऊन त्यालाच तो म्हणेल त्या भावाने माल घालायची सक्ती सैल झाली. या कामामुळे शहराचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो याचा अभ्यास झाला, तो आकड्यांत मांडला गेला. महापालिकेने वेचकांचा आरोग्यविमा भरायला सुरुवात केली, ती त्यानंतर. उपकार म्हणून मागणं आणि केलेल्या कामाचा हिशोब मांडून मागणं, यातला फरक इथे पाहा.

आणि मगच ‘स्वच्छ’ ही संस्था. तोवर या बायकांना सभा चालवता येत होती, मोर्चा काढता येत होता, अधिकाऱ्यासमोर खुर्चीत बसून बोलता येत होतं. धंदा त्यांच्या अंगावर वरून टाकलेला नव्हता. तुमच्या आराखड्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत यंत्र येतं, दुसऱ्या वर्षी नफा येतो. संघटना कधी येते याचा रकाना नाही.

असाच एक प्रसंग माणदेशातला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी महिलांच्या बँकेसाठी अर्ज केला. प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून तो नाकारला गेला. बायका रात्री अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. वाचायला येत नसेल, पण व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय करायला सांगा, असं त्यांनी तिथे सुनावलं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. त्या खोलीत चेतनाताई एकट्या बोलल्या असत्या तर परवाना कदाचित मिळालाही असता, पण बँक त्यांची एकटीची झाली असती.

अडचणी संघटना असली तरी संपत नाहीत. भंगाराचा भाव गल्लीत ठरत नाही. २००८ च्या जागतिक मंदीत तो एकदम कोसळला आणि ज्यांनी कधी शेअर बाजाराचं नाव ऐकलं नव्हतं त्यांच्या चुली थंडावल्या. घरटी शुल्काचं महत्त्व म्हणून आहे: भाव पडला तरी सेवेचे पैसे येतात. पण ते शुल्क द्यायला खळखळ करणारी सोसायटीही असते आणि महिनाभर दारात हेलपाटे घालणारी बाईही. महापालिकेशी झालेला करार मुदतीचा असतो. मुदत संपत आली की मोठ्या गाड्या आणि मोठे कंत्राटदार यांची चर्चा सुरू होते आणि वीस वर्षं काम केलेल्या माणसांना आपली उपयुक्तता पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. हे मला अन्यायाचं वाटतं.

वापरलेले पॅड आणि डायपर यांचा प्रश्न घ्या. हे कागदात न गुंडाळता टाकलं की ते हाताने वेगळं करावं लागतं. वेचकांनी नागरिकांना सांगितलं, गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. शिवाय वापरलेल्या पॅडची पोती भरून उत्पादक कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीमही काढली. माल तुम्ही विकता, मग त्याच्या शेवटाचीही जबाबदारी घ्या. पगारावर ठेवलेल्या कामगाराने हे केलं असतं का? मला शंका आहे. मालकाने केलं असतं का? त्याला कंपन्यांची देणगी हवी असते. जिचे हात त्यात जातात आणि जिची संस्था आहे, तीच हे करू शकते.

तुम्हाला उपक्रम काढू नका असं मी म्हणत नाही. धंद्याची शिस्त हवीच. हिशोब चोख हवा, दर्जा हवा, वेळ पाळायला हवी. चांगल्या हेतूच्या नावाखाली वाईट लाडू कुणी दुसऱ्यांदा विकत घेत नाही. पण नाचणीच्या लाडवांचा आराखडा केलेल्या गटाला मी विचारेन: भाव कोण ठरवणार? तोट्याच्या महिन्यात पैसे कुणाचे जाणार? तुम्हाला काढून टाकायचा अधिकार त्या बायकांना आहे का?

आमच्या गावात देणगी संपल्यावर टेम्पो त्या बायकांच्या बचत गटाच्या नावावर केला. पहिलं वर्ष फार कठीण गेलं. मी रोज संध्याकाळी वही लिहायचो आणि त्या ऐकायच्या. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी मोठ्या मावशींनी वही मागून घेतली. त्यांच्या नातीने मोठ्याने वाचलं, त्यांनी बोटांवर मोजलं. डिझेलच्या खर्चात सत्तर रुपयांची चूक निघाली. माझी होती. त्यांनी ती खोडून घेतली, खाली अंगठा लावला आणि वही आपल्या घरी नेली.