ओहम जुळले म्हणजे झालं का?

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक डबी फिरवतो. आत एक पॉट आहे, म्हणजे बटण फिरवून ओहम (रेझिस्टन्स) कमी-जास्त करायचा भाग. त्याचं मागचं पत्र्याचं झाकण मी काढून ठेवलंय. सोबत भिंग दिलंय. घोड्याच्या नालासारखा काळा कार्बनचा पट्टा दिसेल. त्याच्या एका टोकाशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, पट्टाच नाही. तिथे करडी राख आहे, खालचं फायबर तपकिरी पडलंय. नाकाजवळ नेलंत तर अजून वास येतो.

पत्रिकेत विषय छापलाय, हौशी रेडिओवाल्यांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमधले बिघडलेले कंट्रोल कसे बदलावेत. पॉट, बँडस्विच (बँड बदलायचा स्विच), रिले, तिन्हींवर बोलायचंय. पण हा पॉट ज्या सेटमधून निघाला त्याची हकीकत आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच आलंय.

सेट हीथकिटचा, डीएक्स-६० ट्रान्समीटर. दोन ६सीएल६ व्हॉल्व्ह, एक सिग्नल तयार करणाऱ्या ऑसिलेटरला आणि एक तो वाढवणाऱ्या ड्रायव्हरला, पुढे फायनलला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, एकटा ६१४६, इनपुट ९० वॉट. माझे मामा १९६४ मध्ये मिशिगनला शिकायला गेले. हीथ कंपनी त्याच राज्यातली, बेंटन हार्बरची. सेट सुटा यायचा, जोडायचा आपण. जोडणीच्या पुस्तकात प्रत्येक पायरीपुढे खुणेसाठी जागा सोडलेली. मामांची प्रत माझ्याकडे आहे. एकही खूण चुकलेली नाही. मधल्या एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘आज आईचं पत्र.’ खालच्या पायरीला त्यांनी नव्या दिवशी हात घातलाय, कारण पेन्सिल बदललेली दिसते. अशा माणसाने जोडलेला सेट, त्यात हात घालताना मला आधी नमस्कार करावासा वाटतो.

सेट भारतात आला तो १२० व्होल्ट, ६० सायकलचा (सायकल म्हणजे हर्ट्झ). इथे एक सांगून ठेवतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतं. आपल्याकडे ५० सायकल. त्याच व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर वीस टक्के जास्त ताण येतो आणि तो तापतो. ६० सायकलला १२० व्होल्ट, तसे ५० सायकलला १००. म्हणून मी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर १०० ते १०५ व्होल्टवर ठेवतो. फिलामेंटचं व्होल्टेज मीटरने बघायचं, फार खाली जाऊ द्यायचं नाही. असो.

सेट माझ्याकडे आला तेव्हा तक्रार एकच होती. ड्राईव्हचं, म्हणजे फायनलला किती सिग्नल द्यायचा ते ठरवणारं, बटण फिरवलं की फायनलच्या ग्रिड करंटची सुई थरथरायची. थोडं पुढे नेलं की उडी मारायची, मागे आणलं की शून्य. मला वाटलं धूळ असेल. क्लीनर मारला, बटण वीस-पंचवीस वेळा फिरवलं. दोन दिवस छान चालला. तिसऱ्या संध्याकाळी ४० मीटरच्या बँडवर मोर्सची की दाबली आणि ग्रिडची सुई खाली बसली ती उठेच ना. मीटरचा स्विच प्लेटकडे टाकला तर सुई वर चढायला लागली. ग्रिडवरचं जे निगेटिव्ह व्होल्टेज व्हॉल्व्हला आवरतं, त्याला बायस म्हणतात. ग्रिड लीकच्या सेटमध्ये ते ड्राईव्हमधूनच तयार होतं, म्हणून ड्राईव्ह गेला की बायसही जातो. व्हॉल्व्ह मोकाट सुटतो. मी की सोडली, तरी प्लेटवर लालसर झाक येऊन गेलीच.

उघडून बघितलं तर पॉट मूळचा नव्हता. मधे कधीतरी मामांनी सेट कुणाकडून दुरुस्त करून घेतला होता. कुणाकडून ते मला माहीत आहे, नाव घेणार नाही. त्याने टीव्हीच्या ब्राइटनेसला लागतो तसला पाव वॉटचा कार्बन पॉट घातला होता. ओहम अगदी पुस्तकात दिलेले तेवढेच! मी त्याला विचारायला गेलो. तो म्हणाला, ‘ओहम जुळतात ना? मग झालं.’

मंडळी, हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय, आणि मला त्याचा राग येतो. ते आळसाचं वाक्य आहे. ज्या माणसाने एकेका पायरीपुढे खूण केली, त्याच्या सेटमध्ये आपण ‘मग झालं’ म्हणून हात घालायचा?

आता गणित बघू या. ड्राईव्हचा पॉट ड्रायव्हरच्या स्क्रीन ग्रिडचं व्होल्टेज ठरवतो, म्हणजे त्यातून सतत करंट वाहतो. पॉटवर जे वॉट लिहिलेले असतात ते अख्ख्या पट्ट्याचे. वायपर, म्हणजे पट्ट्यावर सरकणारा कॉन्टॅक्ट, टोकाशी आणलात की सगळा करंट पट्ट्याच्या छोट्या तुकड्यातून जातो, आणि त्या तुकड्याची ताकद तेवढ्याच हिश्शाची. म्हणून बघायचा तो करंट. वॉटला ओहमने भागा, वर्गमूळ काढा. २५ किलोओहमचा, पाव वॉटचा पॉट घेतला तर उत्तर येतं ३ मिलिअँपच्या जरा वर. दोन वॉटचा घेतला तर ९. पाच वॉटचा वायरवाउंड, १४. ओहम तिघांचे सारखेच. त्या पॉटमधून आठ-दहा मिलिअँप न्यायचा असेल, तर पाव वॉटवाला कुठे जळणार ते आधीच सांगता येतं. तुमच्या हातातल्या डबीत आहे तिथेच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस हिंडून पाच वॉटचा मिळाला. बसवताना पुढचं कौतुक. अमेरिकन शाफ्ट पाव इंची, ६.३५ मिलिमीटर. आपल्याकडचा ६. मूळ बटण लावलं की डुलतं. मी पितळेच्या पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलं, स्क्रू त्या पट्टीवर येईल असं. पॅनेलचं भोक ३/८ इंचाचं, त्याला वॉशर लागला.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. बरं, आता भराभर सांगतो.

मूळ मुद्दा हा. कंट्रोल बदलायच्या आधी एकच विचारायचं, हा मेला तर सेटचं काय होईल? हीथकिटच्याच एचडब्ल्यू-१०१सारखा एसएसबी (सिंगल साइडबँड, बोलायचा) सेट घ्या, फायनलला दोन ६१४६. बायसच्या पॉटने आराम करंट, म्हणजे सिग्नल नसतानाचा प्लेट करंट, ५० मिलिअँपवर आणायचा असतो. त्याचा वायपर उचलला गेला तर ग्रिडचं निगेटिव्ह जातं आणि दोन्ही व्हॉल्व्ह काही सेकंदांत लाल होतात. म्हणून वायपरपासून पॉटच्या सर्वांत निगेटिव्ह टोकाला एक रेझिस्टर कायमचा लावा, पॉटच्या साधारण दहापट. वायपर तुटला तर बायस वाढेल, व्हॉल्व्ह बंद पडेल, वाचेल. रेझिस्टर दोन रुपयांचा आहे हो!

पॉट लॉग की लिनियर, म्हणजे फिरवताना ओहम सारखे वाढतात की नाही, हे पॉटवरच्या अक्षरावरून ठरवू नका. ‘ए’ म्हणजे कुठे लॉग, कुठे लिनियर. शाफ्ट मधोमध ठेवा आणि मीटर लावा, निम्मे ओहम दिसले तर लिनियर.

बँडस्विच. बदलण्याआधी फोटो काढा, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. नवा स्विच शॉर्टिंग आहे (पुढचा कॉन्टॅक्ट जोडून मग मागचा सोडणारा) का नॉनशॉर्टिंग (आधी मागचा सोडणारा), ते मूळच्याशी जुळलंच पाहिजे. स्विचच्या फायबरच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, क्लीनरचा फवारा मारू नका, फायबर तो पितं. काडीला कापूस लावून फक्त कॉन्टॅक्ट पुसा. ठिणगी पडून काळी वाट झाली असेल तर ती खरवडून पूर्ण काढा, कारण तो कार्बन आहे, त्यातून करंट वाहतो. आणि कॅरिअर चालू असताना, म्हणजे सेट सिग्नल पाठवत असताना, बँडस्विच फिरवायचा नाही. कधीही नाही.

रिले. कॉइलचं व्होल्टेज सगळे बघतात, कॉन्टॅक्टमधलं अंतर कुणी बघत नाही. अँटेना बदलणाऱ्या रिलेला तेच महत्त्वाचं. कॉन्टॅक्टला कानस किंवा पॉलिशपेपर लावू नका, चांदीचा थर जातो. जाड कागदाची पट्टी मधे धरून ओढा, पुरते. डीसी कॉइल असेल तर उलटा डायोड टाका.

आणि हे सगळं करताना प्लग काढलेला. नुसता स्विच बंद करून भागत नाही. फिल्टर कॅपेसिटर रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मग मीटरने शून्य बघायचं, मगच बोट.

डबी परत आली का? ठीक. मामांचा सेट या टेबलावर आहे, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावलेला रेझिस्टर). ज्यांना ड्राईव्ह फिरवून ग्रिडची सुई बघायची आहे त्यांनी एकेक करून पुढे या. घड्याळ, अंगठी काढून ठेवा, आणि डावा हात खिशात.