पाठमोरी माणसं

नमस्कार. गेल्या दीड-दोन वर्षांत काय वाचलं त्यावर बोला, असं सांगितल्यावर मी आधी यादी केली. ती फारच लांबली. मग यादी बाजूला ठेवली आणि मिटल्यावरही कुठली पुस्तकं पिच्छा सोडत नाहीत, एवढंच आठवत बसलो. पाच-सहा उरली. त्यांची भाषा वेगळी, देश वेगळे, विषय तर फारच वेगळे. पण एक खोड सगळ्यांना आहे. कादंबरी ज्या माणसाभोवती फिरते ते माणूस आपल्याकडे पाठ करून बसलेलं असतं, आणि बोलतात ते बाकीचे.

माझ्यासारख्याला हे जरा जड जातं. मी वाचायला लागलो तो ‘कोसला’वर. 1963 सालची ती कादंबरी, आणि तिच्यातला पांडुरंग सांगवीकर स्वतःबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. नायक म्हणजे बोलणारा माणूस, हे डोक्यात पक्कं बसलेलं. अलीकडच्या कादंबऱ्या वाचताना बराच काळ मी त्याच बोलणाऱ्याची वाट पाहत राहिलो.

गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ याच वाट पाहण्यात एकदा हातातून सुटली होती. मूळ हिंदी पुस्तक 2018 सालचं, 2022 साली त्याच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा मी ते पुन्हा उचललं. पहिल्या भागाचं नाव ‘पीठ’. मराठी डोळ्यांना आधी गव्हाचंच दिसतं, मग लक्षात येतं, अरे, ही पाठ! ऐंशी वर्षांची आई. नवरा गेलाय. ती भिंतीकडे तोंड करून पडलीय आणि उठायला तयार नाही. मुलगा, सून, नातू सगळे तिला उठवायला धडपडतात, घरात ये-जा चालू असते, जेवणं होतात, रुसवेफुगवे होतात, आणि पानांमागून पानं आपल्याला दिसते ती फक्त एक पाठ. पहिल्या वेळी मला वाटलं, बाई, आता उठा, कादंबरी सुरू होऊ द्या. दुसऱ्या वेळी कळलं की ती केव्हाच सुरू झालीय. त्या पाठीकडे बघत प्रत्येक जण स्वतःचंच दाखवत असतो. मुलाला आपलं कर्तेपण दिसतं, सुनेला आपली न मोजली गेलेली सेवा. आईनं तोंड वळवलं असतं तर हे सगळे सावध झाले असते.

तिचं ‘नहीं’ घोळत घोळत ‘नई’ व्हायला लागतं ती जागा तर मी तीनदा वाचली. हिंदीत तो खेळ ज्या सहजतेनं जमतो तो मराठीत जमेल का, यावर एक संध्याकाळ घालवली. नाही जमला. तक्रारही आहे. लेखिका कधी कधी आपल्याच शब्दांवर इतकी खूश होते की गोष्ट दारात ताटकळत उभी राहते. पण ही आई पुढे उठते, मुलीकडे राहायला जाते आणि शेवटी सरहद्द ओलांडून पाकिस्तानात पोचते, तेव्हा ते चालणं आपल्याला पटतं. इतका वेळ पडून राहिलेल्या माणसाचंच ते चालणं आहे.

आता सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. 2006 सालची, म्हणजे अगदी ताजी नव्हे, पण मी उशिरा पोचलो. एका घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, बहीण अनुजाही पडते, आणि एक दिवस तो जातो. अर्धं पुस्तक तनयचं, अर्धं अनुजाचं. त्या तरुणाला नावसुद्धा नाही. तनय त्याला ‘तू’ म्हणून बोलत राहतो, अनुजा डायरी लिहिते. आपण वाचक मोठ्या हुशारीनं दोन्ही तुकडे जोडायला जातो. वाटतं, दोघांचं ऐकलं की तिसरा पूर्ण दिसेल. दिसत नाही. मला तर दुसरा भाग वाचताना तो आणखीच पुसट झाला. दिसतात ती एकाच छपराखाली राहणारी, एकाच माणसासाठी झुरणारी आणि एकमेकांना त्याबद्दल काही न सांगू शकणारी भावंडं. तो माणूस बरा की वाईट, यावर वाद घालणारे वाचक मला भेटलेत. मला तो प्रश्नच हळूहळू बिनमहत्त्वाचा वाटत गेला.

विवेक शानभाग यांची कन्नड ‘घाचर घोचर’ या सगळ्यांत लहान, आणि तिनं मला सर्वांत जास्त छळलं. नावाला अर्थ नाही. निवेदकाच्या बायकोनं आणि तिच्या भावानं लहानपणी काढलेला तो शब्द, गुंता झाला की म्हणायचा. इथे पाठमोरा आहे तो सांगणाराच. तो सतत बोलतो. काकांचा मसाल्यांचा धंदा, जुन्या घरातल्या मुंग्या, अचानक आलेला पैसा, सगळं मोकळेपणानं सांगतो. पण काकांना भेटायला आलेल्या एका बाईला घरातल्या बायका दारातून हाकलतात, तेव्हा तो गप्प बसतो. त्याची बायको गप्प बसत नाही. शेवटाकडे आपल्याला एक भयंकर शंका येते आणि तो ती नीट उच्चारतही नाही. पुस्तक संपल्यावर मी त्याच्यावर चिडलो, आणि मग आठवलं की शंभरेक पानं मी त्याच्या बोलण्याला माना डोलवत होतो. मुंग्या चिरडण्याचं वर्णन तर मला गमतीशीर वाटलं होतं.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, साहित्य अकादमी 2023, तिच्यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. धरणात गाव गेलेलं, माणसं दुसरीकडे हललेली, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला निघालेला माणूस. म्हैस आता रानाची झालीय. मुकं जनावर मध्यभागी ठेवून विस्थापनावर इतकं लिहिता येतं, हे वाचेपर्यंत मला खरं वाटलं नसतं. पॉल लिंच यांच्या ‘प्रॉफेट साँग’मध्ये नवऱ्याला पोलीस नेतात आणि पुस्तकभर बायको त्याच्या नसण्याशी बोलते. परिच्छेद पाडलेले नाहीत, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. बोट कुठे ठेवून चहा प्यायला उठावं, हेच कळत नाही. मला वाटतं लेखकाला तेच हवं होतं.

याउलट समांथा हार्वे यांची ‘ऑर्बिटल’, 2024 चं बुकर. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. वाक्यं इतकी देखणी की पेन्सिल खाली ठेववत नव्हती. पण सगळेच मन उघडून बसलेले! कुणी काही लपवतच नाही, त्यामुळे सहा जण मला शेवटपर्यंत एकच वाटले. फक्त चिए या जपानी अंतराळवीराची आई खाली पृथ्वीवर वारलीय आणि ती अंत्यसंस्काराला जाऊ शकत नाही, तेवढ्या पानांवर मी रेंगाळलो. माझं मत अनेकांना पटणार नाही, चहाच्या वेळी भांडू.

शेवटी हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’. त्यांना 2024 चं नोबेल मिळाल्यावर बहुतेकांनी वाचली, तशी मीही वाचली. एक बाई मांस खाणं सोडते. पहिला भाग नवरा सांगतो, दुसरा मेहुण्याच्या नजरेतून, तिसरा बहिणीच्या. नवऱ्याला ती अडचण वाटते, मेहुण्याला चित्र काढायचं अंग, बहिणीला जबाबदारी. बहिणीचा भाग सर्वांत चांगला, कारण आपणही तिच्याकडे पाठ केली होती, हे तिला उशिरा का होईना कळायला लागतं. आणि ती बाई स्वतः? पहिल्या भागात मधे मधे तिची स्वप्नं येतात, तिच्याच शब्दांत, तिरप्या अक्षरांत. पहिल्या वाचनात मी ती घाईघाईनं ओलांडली होती, गोष्ट पुढे न्यायची म्हणून. परवा या भाषणाची तयारी करताना पुस्तक पुन्हा काढलं आणि तेवढाच मजकूर मोठ्यानं वाचला. रक्त, मांस, कुणाचा तरी चेहरा. दहा मिनिटंही लागली नाहीत.