आप्पांचा अडकित्ता आणि काउंटीचं बजेट

नमस्कार मंडळी! रविवारची सकाळ आहे, चहा झाला असेल, नसेल तर ठेवा गॅसवर, तोवर मी सुरू करतो. आजचा विषय ऐकून स्टेशन बदलू नका हं. विषय आहे काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, बजेट. कोरडा आहे, कबूल. पण मधे आमच्या आप्पांची गोष्ट आहे आणि त्यांच्या अडकित्त्याची पण, खरं सांगायचं तर ती सांगायला मिळावी म्हणूनच मी हा विषय घेतलाय.

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को, प्लेनो, अॅलन, मॅकिनी, आपण सगळे टेक्सासमधे का आलो, तर नोकरी आणि स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून. मग सरकार चालतं कशावर? आपल्या घरावर. ऑक्टोबर उजाडला की प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं, ३१ जानेवारीच्या आत भरायचं, आणि ज्यांचं एस्क्रोमधून, म्हणजे घराच्या कर्जाच्या हप्त्याबरोबर बँकेकडूनच, परस्पर जातं ते तर पाकीट फोडून बघतही नाहीत. मला हा एस्क्रो प्रकार मुळात आवडत नाही, पैसे हातातून जाताना जरा टोचलं पाहिजे, नाहीतर कोण घेतंय आणि कशाला घेतंय हे विचारायची बुद्धीच होत नाही. असो.

बिल एक, पण वाटेकरी चार. स्कूल डिस्ट्रिक्ट, शहर, कम्युनिटी कॉलेज आणि काउंटी. सगळ्यात मोठा घास शाळेचा, अर्ध्याच्या आसपास, बऱ्याच जणांचा त्याहून जास्त. काउंटीचा त्या मानानं लहान. कॉलिन काउंटीचा दर घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरला १५ सेंटच्या आसपास आहे, म्हणजे ५ लाख डॉलरचं घर असेल तर होमस्टेडची, म्हणजे स्वतः राहत्या घराची, सूट धरून सातशे-साडेसातशे डॉलर.

आता एक गोष्ट नीट ऐका, मी दोनदा सांगणार आहे. घराची किंमत ठरवणारे वेगळे आणि टॅक्सचा दर ठरवणारे वेगळे. किंमत ठरवतं अप्रेझल डिस्ट्रिक्ट, ते काउंटीचं खातं नाहीच, स्वतंत्र ऑफिस आहे. तिथे १५ मेपर्यंत प्रोटेस्ट करायचा, ते आपण सगळे करतो, शेजाऱ्याच्या घराचे फोटो, फाउंडेशनची भेग, सगळं घेऊन जातो. आणि दर? तो ठरतो ऑगस्ट-सप्टेंबरमधे, काउंटीच्या कमिशनर्स कोर्टात (नाव कोर्ट, पण काम जिल्हा परिषदेसारखं), आणि तिथे आपलं कुत्रंही फिरकत नाही. परत सांगतो, किंमत मे महिन्यात, दर ऑगस्ट-सप्टेंबरमधे. मेमधे आपण भांडतो आणि ऑगस्टमधे आपण मंडळाच्या गणपतीची वर्गणी किती ठेवायची यावर भांडत असतो.

तर आप्पा. आमचे आप्पा साताऱ्याकडचे, गाव दोन हजाराच्या आतलं, दोन टर्म ग्रामपंचायतीचे मेंबर आणि एकदा उपसरपंच. २०२३च्या उन्हाळ्यात सहा महिने आमच्याकडे आले होते. तो उन्हाळा आठवतोय ना, रोज शंभर फॅरनहाइटच्या वर पारा, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. आणि सबअर्बमधे म्हाताऱ्या माणसानं करायचं काय, पार नाही, चावडी नाही, एसटी स्टँड नाही. मग ते घरात जो कागद दिसेल तो वाचायचे. कुपनं वाचायचे, एचओएची, म्हणजे कॉलनीच्या सोसायटीची, पत्रं वाचायचे (एचओएबद्दल मी बोललो तर तास जाईल, म्हणून बोलत नाही), आणि ड्राइव्हवेवर जो लोकल पेपर येऊन पडतो तो तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

एक दिवस मी मीटिंगमधे आणि आप्पा दारात, हातात पेपर. म्हणाले, "आरं, हितं जाहीर नोटीस आलीया. पुढाऱ्यांची पगारवाढ. बैठक सोमवारी हाय." मी म्हटलं आप्पा, नंतर बघू. तर म्हणाले, "नंतर काय बघायचं, बैठक झाल्यावर? तू येतोस का मी चालत जाऊ?" आता चालत म्हणजे अठरा मैल, फुटपाथ नाही आणि वर ते ऊन. घेतली सुट्टी.

नोटीस खरीच होती बरं का. टेक्सासचा कायदा असा आहे की निवडून आलेल्या लोकांचा पगार किंवा भत्ता वाढवायचा असेल तर बैठकीच्या दहा दिवस आधी काउंटीतल्या पेपरात छापावं लागतं, किती वाढवणार तो आकडा पण द्यावा लागतो. कारण काय, तर पगार ठरवणारे तेच आणि घेणारेही तेच. कमिशनर्स कोर्ट म्हणजे पाच जण, एक काउंटी जज आणि चार प्रिसिंक्टचे, म्हणजे विभागांचे, चार कमिशनर. ते स्वतःचा पगार ठरवतात, शिवाय शेरीफ, काउंटी क्लार्क, टॅक्स असेसर (हा टॅक्स गोळा करणारा, किंमत ठरवणारा नव्हे), कॉन्स्टेबल, जे जे काउंटीत निवडून येतात त्यांचाही. पेपरात छापणं एवढाच काय तो पडदा उघडा. आणि तो कोण वाचतो, तर साताऱ्याहून आलेला पाहुणा!

गेलो. काउंटीचं नाव सांगत नाही, आपल्याच भागातली आहे. दारात सिक्युरिटी. आप्पांच्या बंडीच्या खिशातून चंची निघाली, चंचीतून सुपारी, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि अडकित्ता, पितळेचा, घोड्याच्या तोंडाचा, आजोबांच्या वेळचा. तो गार्ड साडेसहा फुटी, त्यानं अडकित्ता उचलून उघडझाप केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं नट कापायचा असतो. तो म्हणाला कसला नट? मी म्हटलं सुपारी. ते काय असतं? आता सांगा मंडळी, सुपारी काय असतं हे इंग्रजीत सांगायला लागलात की शेवटी ते ड्रगसारखंच ऐकू येतं. तेवढ्यात त्यानं चुन्याची डबी उघडली, आत पांढरी पेस्ट, आणि मी इंजिनियर माणूस, घाबरून बोलून गेलो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. झालं! त्यानं सुपरवायझरला बोलावलं. पंधरा मिनिटं आम्ही बाजूला उभे, आप्पा शांत, मला म्हणतात, "पंचायत समितीत बी असंच बसवून ठेवत्यात, काय वाटून घिऊ नगो." शेवटी सुपरवायझर बाई आल्या, त्यांचा शेजारी गुजराती निघाला, त्यांनी वास घेऊन ओळखलं. चंची परत मिळाली, अडकित्ता मात्र पाकिटात घालून ठेवून घेतला, पावती दिली.

आत गेलो तर शंभरेक खुर्च्या आणि माणसं किती? खात्याचे आठ-दहा लोक, एक पत्रकार, आणि आम्ही दोघं. ज्या काउंटीत लाखो माणसं राहतात तिच्या बजेटच्या बैठकीला पब्लिक म्हणून दोन, त्यातला एक व्हिजिटर व्हिसावर. आप्पांनी उभं राहून हात जोडले. "हे न्यायाधीश?" मी म्हटलं नाही आप्पा, जज नुसतं नावाला, मोठ्या काउंटीत खटले चालवायचं काम फारसं नसतंच, आपले सरपंच समजा. "मग हातोडा कशाला ठेवलाय?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

बोलायचं असेल तर एक फॉर्म भरायचा, तीन मिनिटं मिळतात, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. आप्पांनी फॉर्म माझ्या नावानं भरायला लावला. मी म्हटलं काय विचारू? म्हणाले, "एकच इचार. जेलच्या शिपायाला किती वाढवलं आणि तुमास्नी किती?" मी उभा राहिलो, पाय लटलट, सतरा वर्षं या देशात आहे, ऑफिसात व्हाइस प्रेसिडेंटसमोर प्रेझेंटेशन देतो, पण तिथे आवाज फुटेना. विचारलं कसंतरी. बजेट ऑफिसरनं उत्तर दिलं, अगदी सभ्यपणे, की सगळ्यांना सारखेच, ५ टक्के. मी थँक्यू म्हणून वळलो. तर मागून आप्पा, मोठ्यानं, मराठीत, "टक्का सारखा आसंल, रुपये सांग म्हनाव!" अजेंड्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं हिशोब मांडलेला. आकडे मी आता गोल करून सांगतो, ४५ हजारवाल्याला ५ टक्के म्हणजे २,२५० डॉलर, सव्वा लाखवाल्याला ६,२५०. "पंगतीत समद्यांना येक-येक पळी तूप, पन वाढप्याची पळी मोठी," असं काहीतरी ते म्हणाले, आणि लाल दिवा लागलेला असताना मी ते पळी आणि तूप इंग्रजीत नेत होतो. दोन कमिशनर हसले. एकानं वही काढून काहीतरी लिहिलं. मग मत झालं, पाच विरुद्ध शून्य, वाढ मंजूर.

मी म्हटलं आता निघा. पण बैठक संपल्यावर जज स्वतः खाली आले, आप्पांशी हात मिळवला, विचारलं की तुमच्या गावात तुम्हाला काय पगार होता. आप्पा म्हणाले, पगार न्हाई, मानधन. आमच्या एवढ्या गावाच्या सरपंचाला तेव्हा महिन्याला ३,००० रुपये होते, उपसरपंचाला १,०००. मी डॉलर करून सांगितले, छत्तीस आणि बारा. त्यांना वाटलं मी चुकलो, बारा डॉलर तासाला का? म्हटलं महिन्याला. मग त्यांनी विचारलं, एवढ्यात करायला तयार कोण होतं? मला वाटलं आप्पा आता सेवा, समाजकारण वगैरे सांगतील. ते म्हणाले, "ज्याच्याकडं बागायती हाय त्यो. न्हाईतर ज्याचा डंपर हाय त्यो. मजुरी करनारा उभा ऱ्हायलाच न्हाई कदी." हे मी तसंच्या तसं सांगितलं, डंपर म्हणजे कंत्राटदार हे समजावून. जज जरा वेळ काही बोलले नाहीत.

मला हे गाडीत बसल्यावर उमगलं. मी समजत होतो आप्पा पगारवाढीच्या विरोधात आलेत. ते विरोधात नव्हतेच. द्या म्हणाले, चांगला द्या, पण चारचौघांत विचारल्यावर द्या. पुढच्या वर्षी, २०२४च्या सप्टेंबरमधे, महाराष्ट्रात सरपंचांचं मानधन दुप्पट झालं, तीनाचे सहा हजार, तेव्हा फोनवर खुश होते. व्हॉट्सअॅपवर मात्र आपल्या ग्रुपात त्याच बातमीवर "फुकटे" वगैरे चाललं होतं, आणि लिहिणारे कोण, तर ज्यांना इथे आपला कमिशनर कोण ते सांगता येणार नाही.

बरं, वेळ संपत आलाय, थोडं भराभर. काउंटीला पैसे वाढवायचे तर वाटा किती? फार नाहीत. इन्कम टॅक्स लावता येत नाही, २०१९मधे तर राज्यघटनेतच बंदी घातली. सेल्स टॅक्समधे राज्याचे ६.२५ टक्के, वर स्थानिक सगळे मिळून जास्तीत जास्त २, आणि आपल्याकडे ते २ शहरांनी आणि प्लेनोसारख्या ठिकाणी डार्टनं, म्हणजे बस-ट्रेनवाल्यांनी, आधीच संपवलेत. राहिला प्रॉपर्टी टॅक्स. त्यातही २०१९च्या कायद्यानं, जुन्या घरांवरून रोजच्या खर्चासाठी गोळा होणारी रक्कम वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या वर न्यायची तर मतदान घ्यावं लागतं. आणि खर्चाला मात्र टाळाटाळ नाही, जेल चालवलंच पाहिजे, ४८ कैद्यांमागे एक जेलर ठेवलाच पाहिजे, गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे. त्यामुळे आप्पांनी जेलच्या शिपायाबद्दल विचारलं ते अंधारात मारलेला दगड असेल, पण लागला बरोबर.

आणि एक गंमत. काउंटीला टॅक्स बसवायचा असेल तर पाचातले चार हजर लागतात. चार. म्हणजे दोघांनी दांडी मारली की दर वाढत नाही. २०२२मधे ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दोन कमिशनरांनी हेच केलं, बैठकीला आलेच नाहीत, शेवटी जुन्या घरांवरून गेल्या वर्षीएवढेच पैसे मिळतील असा खालचा दर घ्यावा लागला. शाळेत पट कमी करून तपासणी टाळायचे तसला प्रकार!

तर लक्षात ठेवा, किमतीचं भांडण १५ मेपर्यंत, दराचं आणि पगाराचं ऑगस्ट-सप्टेंबरमधे. नोटीस पेपरात येते, काउंटीच्या वेबसाइटवर अजेंडा येतो. निवडून आलेल्या माणसाला स्वतःलाच पगार कमी वाटला तर तो तक्रार समितीकडे जाऊ शकतो, नऊ मतांची समिती असते आणि तिच्यात साधे नागरिकही असतात, ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे कुणावर खटला भरायचा ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या, यादीतून काढलेले. उद्या तुमचं नावही निघेल.

अरे हो, अडकित्ता राहिलाच. निघताना त्या साडेसहा फुटी गार्डनं पाकीट परत दिलं आणि म्हणाला चालवून दाखवा. आप्पांनी तिथेच उभ्या उभ्या सुपारीची खांडं पाडली, त्याला एक दिलं, त्यानं तोंडात टाकलं आणि तोंड असं केलं की काय सांगू. पावती आप्पांनी परत दिलीच नाही. घरी, गावाला, घरपट्टीच्या पावत्यांची जी फाइल आहे तिच्यात शेवटची म्हणून लावून ठेवलीय.