उष्ण कटिबंधाचं हवामान: तापमान नव्हे, पाणी बघा

हवामानाचा विषय निघाला की आपण आधी तापमान विचारतो. उष्ण कटिबंधात, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २३.५ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात, या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. सिंगापूर घ्या. तिथल्या सर्वांत गार आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत जेमतेम २ अंशांचा फरक पडतो. एकाच दिवसाच्या पहाट-दुपारीत त्याहून जास्त पडतो. अशा ठिकाणी ऋतू ओळखायचा तो पावसावरून. म्हणून मी म्हणतो, थर्मामीटर बाजूला ठेवा आणि पाण्याचा माग काढा.

एकच ढग बघू या. सकाळी जमीन तापते, तिच्यालगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते. पसरली की गार होते, आणि ठरावीक उंचीला बाष्पाचे थेंब होऊ लागतात. ढगांचे तळ एका पातळीत, कापल्यासारखे सपाट दिसतात ते त्यामुळे. खरी गंमत यापुढे आहे. पाण्याची वाफ होताना जी उष्णता तिच्यात दडलेली असते, ती थेंब होताना बाहेर पडते, भोवतालची हवा तापवते. हवा आणखी चढते, आणखी थेंब होतात. दुपारपर्यंत काही ढग १५ किलोमीटरच्याही वर पोचतात. १ चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी लिटर पाणी. ते वाफेचं थेंब होताना सुमारे ७० लाख युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. आणि १० मिलिमीटर ही इकडे बऱ्यापैकी सर, एवढंच! या आकड्याने मी आजही थक्क होतो.

विषुववृत्ताजवळची उष्णता वर नेण्याचं काम असे मोजकेच उत्तुंग ढग करतात, हे हर्बर्ट रील आणि जोआन माल्कस यांनी १९५८ साली मांडलं. वर गेलेली हवा ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, ढग धरू देत नाही. सहारा तिथेच पसरलं आहे. जमिनीलगत विषुववृत्ताकडे परतणारी हीच हवा म्हणजे व्यापारी वारे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पूर्वेकडून येतात, हे जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्येच सांगितलं होतं. दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे भेटतात, तो पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण हलतो. विषुववृत्ताजवळ तो वर्षातून दोनदा येतो, म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी पावसाचे दोन हंगाम. कडेला एकच, बाकी वर्ष कोरडं.

आता वादळाचं. इथला हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास उतरतो, तोही एक-दोन हेक्टोपास्कलच (हे हवेचा दाब मोजायचं एकक). हा चढउतार इतका नियमित असतो की तो वजा करूनही दाब नेहमीपेक्षा ५ हेक्टोपास्कलने खाली दिसला, तर खलाशी चक्रीवादळ जवळ आहे असंच धरून चालतात. त्या वादळाचं इंधनही तीच वाफेतली उष्णता. त्यासाठी समुद्र साधारण २६.५ अंशांहून गरम लागतो. पण नुसती उष्णता पुरत नाही. वाऱ्यांना गिरकी देणारा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो. त्यामुळे विषुववृत्तापासून ५ अंश अक्षांशांच्या आत, पाणी कितीही तापलेलं असलं तरी, चक्रीवादळ क्वचितच जन्माला येतं.